केनियाच्या सेवाप्रवासाला मुलाला नेताना: हातच्या भेटींपासून सुरू होणारी तयारी

कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, हे आपल्याकडची मुलं बघून बघूनच शिकतात. आजीकडे जाताना खाऊ, बाळ बघायला जाताना अंगडं-टोपडं, नव्या घरात पाऊल टाकताना काहीतरी शकुनाचं. मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, सेवाप्रवासाला सहकुटुंब परदेशी निघताना मात्र ही रीत मागे पडते आणि तिच्या जागी 'वाटप' येतं. वह्या-पेन्सिलींचे गठ्ठे, चॉकलेटची पाकिटं, जुन्या कपड्यांच्या बॅगा भरल्या जातात आणि आपलं आठ-नऊ वर्षांचं पोर रांगेच्या टोकाला दाता होऊन उभं राहतं. ते बघून मला वाईट वाटतं. मुलाने पाहुणा म्हणून जावं आणि पाहुणा नेतो तशी स्वतःच्या हातची वस्तू न्यावी, असं माझं ठाम मत आहे. ती वस्तू करायला दोन-तीन महिने लागतात. त्या महिन्यांत शिवता शिवता जे बोलणं होतं, तीच मुलाची खरी तयारी.

इथे मी केनिया डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात, शाळांमधून इंग्रजी चालतं, आणि तिथल्या मंडळ्यांशी आपल्याकडच्या काही मंडळ्यांची ओळखही असते. दुसऱ्या देशी जाणार असाल तर कायदेकानू तिथले पाहा, बाकीचं बरंचसं तसंच लागू पडेल.

आधी घरातलं बोलणं तपासा

कात्री-दोरा हातात घेण्याआधीचं हे काम आहे आणि ते मोठ्यांचं आहे. 'आपण तिथल्या गरीब मुलांना मदत करायला चाललोय' हे वाक्य घरात एकदा जरी बोललं गेलं, तरी मूल ते विमानात सोबत नेतं. त्याऐवजी 'आपल्याला तिथल्या मंडळीने बोलावलंय, आपण त्यांच्याकडे राहणार, त्यांच्या कामाला हातभार लावणार' असं सांगा. ते खरंही आहे.

रंगाबद्दलही बोलावं लागतं. आपल्या घरांमध्ये 'काळी पडली', 'गोरीगोमटी' हे शब्द सहज फिरतात. टीव्हीवर आफ्रिकेतला माणूस दिसला की कोणीतरी काहीतरी बोलतं. मूल ते सगळं ऐकत असतं. प्रवास ठरला त्या दिवसापासून हे बोलणं बंद करा आणि का बंद केलं तेही मुलाला सांगा. तिथे आपल्याला कोणी 'मुहिंदी' म्हणेल, म्हणजे भारतीय. लहान मुलं हात लावून केस बघतील, टक लावून पाहतील. त्याचीही कल्पना आधी द्या, म्हणजे मूल बिचकणार नाही.

आपल्याला यातलं निम्मं तरी उपजत कळायला हवं. अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला 1831 मध्ये सुरू झालं. आपल्या पणजी-खापरपणजीच्या दारात परदेशातून माणसं आली. त्यांतली काही घरच्यासारखी भाकरी मोडून जेवली, काही खुर्चीवरून उठली नाहीत. कोण कसं वागलं ते घराघरांत अजून सांगितलं जातं. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तनाच्या वाटेने मराठी मनाला रुचेल अशी भक्ती मंडळीत रुजवली, कारण बाहेरून आलेलं सगळं जसंच्या तसं अंगाला बसत नव्हतं. आज आपण बाहेरून जाणारे झालो आहोत. ही गोष्ट दहा-अकरा वर्षांच्या मुलाला नीट समजते. सांगून पाहा.

लहानांसाठी बायबलमधली, दानपेटीत दोन टोल्या म्हणजे दोन छोटी नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट पुरेशी आहे. फक्त ती सांगताना 'किती दिलं' यावर न थांबता, 'जे तिचं स्वतःचं होतं ते दिलं' यावर थांबा. मुलाचं स्वतःचं असं काय असतं? वेळ असतो आणि हात असतात.

तिकडे विचारल्याशिवाय काही करायला घेऊ नका

निघायच्या तीन महिने आधी, ज्या शाळेत किंवा मंडळीत जाणार तिथल्या शिक्षकांना किंवा पाळकांना चार प्रश्न विचारा. वर्गात मुलं किती? त्यांची वयं काय? शाळेच्या गणवेशासोबत हातात-गळ्यात काही घालायला परवानगी आहे का? आणि वर्गाला खरोखर उपयोगी पडेल असं काय आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा 'काही नको, या' असंच येतं, कारण तेही पाहुणचार करणारे लोक आहेत. तेव्हा पुन्हा विचारा: मुलं पुस्तकं कशातून आणतात, भिंतीवर काही लावता का, गोष्ट सांगताना काय वापरता?

तारखाही याच वेळी जुळवा. आपली उन्हाळ्याची सुट्टी एप्रिल-मेमध्ये येते. केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ, आणि एप्रिलमध्ये तिथल्या शाळांनाही सुट्टी असते. मेमध्ये गेलात तर वर्ग भरलेले असतात, पण रस्त्यावर चिखल असतो. जून-जुलैत डोंगराळ भागात चांगली थंडी पडते. लिमुरूसारख्या चहाच्या मळ्यांच्या भागात स्वेटरशिवाय निभत नाही.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. अनाथालयात जाऊन भेटी वाटायचा कार्यक्रम कोणी आखून दिला तर नम्रपणे नको म्हणा. केनिया सरकारने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि 2022 मध्ये दहा वर्षांचं राष्ट्रीय धोरण आणलं. मुलांना संस्थेतून काढून कुटुंबात वाढवायचं, हा त्या धोरणाचा गाभा आहे. दर महिन्याला नवे पाहुणे येऊन लळा लावून निघून जातात, त्याचा त्या मुलांना त्रास होतो. शाळा, संडे स्कूल, मंडळीतली घरं या जागा बऱ्या. तिथलं मूल संध्याकाळी आपल्या आई-बापाकडे जातं आणि आपण खरोखर पाहुणे असतो.

काय नेऊ नये

जुने कपडे नकोत. तिथे वापरलेल्या कपड्यांना 'मितुंबा' म्हणतात आणि त्यांचा मोठा बाजार आहे. नैरोबीतलं गिकोम्बा मार्केट त्यासाठीच प्रसिद्ध. त्यात आपल्या एका बॅगेची भर घालून काही साधत नाही.

बी-बियाणं, वाळलेली पानंफुलं, मातीत लावायची बियांची राखी, कच्चं लाकूड, पिसं यांपासून केलेलं काही नको. वनस्पतीजन्य वस्तूंवर केनियात विमानतळावर कडक तपासणी असते आणि त्यांना परवाने लागतात. शिंपले-कवड्याही टाळलेल्या बऱ्या. घरी केलेला खाऊ प्रवासात तुमच्यासाठी ठीक, भेट म्हणून नको. कोणाला कशाची अॅलर्जी आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मणी, बटणं, टिकल्या लावलेलं काहीही नको, ते तोंडात जातं.

आणि प्लास्टिक नको. 28 ऑगस्ट 2017 पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि शिक्षा जबर आहे, 40 लाख शिलिंगांपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद. भेटी चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेणं म्हणजे उतरल्या उतरल्या अडचण ओढवून घेणं. महाराष्ट्रात 2018 मध्ये बंदी आली तेव्हापासून आपल्या मुलांना हा विषय शाळेत शिकवतात, म्हणून त्यांना तो लगेच पटतो. याच बंदीमुळे माझ्या मते सर्वांत चांगली भेट ठरते ती कापडी पिशवी.

नाडीची पिशवी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

कापड मांजरपाट घ्या, 90 सेंमी पन्ह्याचं. त्यात आडवे तीन तुकडे बसतात, म्हणून 30 पिशव्यांना 7 मीटर लागतं. धुतल्यावर आटतं, तेव्हा साडेसात मीटर आणा आणि आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. घरातली जुनी साडी वापरायची तर उजेडासमोर धरून बघा. विरलेला भाग असेल तर सोडून द्या. आपल्याला जे टाकून द्यायचं आहे ते भेट होऊ शकत नाही, हे मुलाला याच क्षणी, कापड हातात असताना सांगायचं. खणाचे किंवा गडद रंगाचे तुकडे लावणार असाल तर पांढऱ्या फडक्यासोबत भिजवून रंग जातो का पाहा.

एका पिशवीसाठी 28 सेंमी रुंद आणि 70 सेंमी लांब तुकडा कापा. शिवण्याआधी ठसे उमटवा, कारण सपाट कापडावर ते नीट येतात. भेंडी आडवी कापली की फूल मिळतं, बटाट्यावर मोठ्याने सुरीने तारा किंवा मासा कोरून द्यावा. कापडाचे रंग वापरा, साधे पोस्टर रंग पहिल्याच धुण्यात जातात. रंग ताटलीत ओतू नका. ओल्या स्पंजच्या तुकड्यावर पसरा आणि ठसा त्यावर टेकवा, म्हणजे थेंब पडत नाहीत. पहिले चार-पाच ठसे वर्तमानपत्रावर मारू द्या. मुलाचा हात ठशावर जोरात दाबायला जातो आणि कडा फिसकटतात. 'टेकव, मोज एक-दोन-तीन, सरळ वर उचल' असं म्हणत राहिलं की जमतं. एक दिवस वाळू द्या, मग उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवा म्हणजे रंग पक्का बसतो. इस्त्री मोठ्यांनीच करायची.

आता शिवण. तुकडा ठशांची बाजू आत ठेवून मधोमध दुमडा, म्हणजे 35 सेंमी उंची होते. दोन्ही कडांना दीड सेंमी आत उलटी टीप (प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन घालायची पक्की शिवण) घाला, पण वरचे 8 सेंमी मोकळे सोडा. तिथून नाडी बाहेर येणार आहे. त्या मोकळ्या कडा आत दुमडून धावदोऱ्याने बसवा. मग दोन्ही तोंडं आधी 1 सेंमी आणि मग 3 सेंमी दुमडून नेफा शिवा. पिशवी सुलटी करा. साधारण 25 बाय 31 सेंमीची पिशवी तयार होते. त्यात दोन वह्या आणि एक पाठ्यपुस्तक मावतं.

यातलं मुलाने काय करायचं? चार-पाच वर्षांचं मूल ठसे मारेल. सात-आठ वर्षांचं मूल धावदोरा घालेल. त्याला मोठ्या नाकाची सुई द्या आणि पेन्सिलने रेघ मारून त्यावर अर्ध्या-अर्ध्या सेंमीवर टिंबं काढून द्या. एका टिंबातून सुई खाली, पुढच्यातून वर. माझ्या संडे स्कूलच्या वर्गातला एक मुलगा प्रत्येक टाक्याला श्वास रोखून धरायचा आणि दोरा ओढला की सोडायचा. एक कड संपेपर्यंत तो कुणाशी बोलला नाही. उलटी टीप दहा वर्षांपुढे जमते. त्याआधी ती आई-बाबा किंवा आजी घालेल, मशीनवर घातली तरी चालेल. टाके वाकडे आले तर उसवू नका. फक्त सुटणारा दोरा असेल तर तेवढा पक्का करा. टाका वाकडा असला तरी चालतो, पण पिशवी टिकली पाहिजे, कारण ती रोज वापरली जाणार आहे.

नाडी विकत आणू नका. सुती दोऱ्याचे एकेक मीटरचे तीन पदर खिडकीच्या कडीला बांधून मुलाला वेणीसारखा गोफ विणू द्या, सुमारे 70 सेंमी भरतो. एका पिशवीला असे दोन गोफ लागतात. सेफ्टी पिनेला अडकवून एक डावीकडून आणि दुसरा उजवीकडून पूर्ण नेफ्यातून फिरवायचा आणि टोकांना गाठ मारायची. गोफ विणायला टीव्हीसमोर, बसमध्ये, कुठेही बसता येतं. वर्गमित्र आणि चुलत भावंडंही त्यात सामील होतात.

संख्येचा हिशेब आधी करा. वर्गात 50 मुलं असतील तर 55 पिशव्या लागतील. एकाला मिळाली आणि एकाला नाही, असं कधीही होता कामा नये. तीन महिन्यांत आठवड्याला चार-पाच पिशव्या होतात. ते झेपणार नसेल तर पिशव्यांचा नाद सोडा आणि संपूर्ण वर्गासाठी एकच मोठी वस्तू करा.

वर्गासाठी एक गोधडी

अशी मोठी वस्तू म्हणजे भिंतीवर लावायची किंवा गोष्टीच्या तासाला अंथरायची गोधडी. पांढऱ्या सुती कापडाचे 24 सेंमीचे बारा चौकोन कापा. संडे स्कूलमधल्या किंवा शेजारच्या बारा मुलांना एकेक द्या. मेणाच्या खडूने जोर देऊन आपल्या गावचं एकेक चित्र काढायला सांगा: बैल, एसटी, पाण्याची टाकी, देऊळ, नाताळचा कंदील. चित्रावर कोरा कागद ठेवून इस्त्री केली की मेण कागदाला लागतं आणि रंग कापडात राहतो. चौकोन तीन बाय चारच्या मांडणीत जोडा, खाली मऊ सुती कापड लावा आणि सगळीकडून धावदोरा घाला. हे आजीचं राज्य आहे. मुलाला सुई ओवून देण्याचं आणि शेवटचा चौकोन स्वतः शिवण्याचं काम द्या.

बाराच्या ऐवजी आठच चौकोन इथे रंगवून चार कोरे न्या आणि तिथल्या मुलांनी ते रंगवले, तर मला ते अधिक आवडेल. खडूंचा डबा आणि सुई-दोरा सोबत ठेवा. इस्त्री तिथे कुणाच्या तरी घरी असतेच. मग ती गोधडी दोन्हीकडची होते.

तिथली मुलं हाताने काय काय करतात ते आपल्या मुलाला आधी सांगून ठेवा. तारा आणि बाटलीच्या बुचांच्या गाड्या करतात, चिंध्या आणि दोरी गच्च गुंडाळून फुटबॉल करतात. किकुयू आणि कांबा या तिथल्या जमातींतल्या बायका घायपाताच्या दोऱ्याची 'किओंडो' नावाची टोपली विणतात. ती विणताना बघायला मिळाली तर दोन तास तिथेच बसा. आपलं मूल गोफ शिकवेल आणि तिथलं मूल चेंडू बांधायला शिकवेल.

'माझं घर' नावाचं छोटं पुस्तक

ही भेट यजमान कुटुंबासाठी. ए-फोर आकाराचे दोन जाड कागद एकात एक ठेवून दुमडले की आठ पानं होतात. मधल्या घडीवर तीन भोकं पाडून दोऱ्याने शिवा. चित्रं मुलाने काढायची, खाली एकेक ओळ इंग्रजीत आणि स्वाहिलीत लिहायची. स्वाहिली ओळी तिथल्या शिक्षकांकडून तपासून घ्या.

एक पान नाचणीचं ठेवा. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. हजारो वर्षांपूर्वी ती तिथून आपल्याकडे आली. केनियात तिला 'विंबी' म्हणतात आणि तिची पेज, 'उजी', सकाळी पितात. ती आंबवूनही करतात. आपल्या मुलाने आजीच्या हातची नाचणीची आंबील चित्रात काढली आणि तिथल्या आजीने ते चित्र ओळखलं, तर पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं. ज्वारीही आफ्रिकेतूनच आलेली. आपण रोज जे खातो त्यातलं काही त्यांच्या जमिनीतून आलंय, हे समजलेलं मूल दाता म्हणून वागत नाही.

तान्ह्या बाळांसाठी लोकरीच्या टोप्या न्यायच्या तर जाणार तो भाग थंड आहे का ते विचारा. डोंगराळ भागात उपयोग होतो. किसुमूकडे, व्हिक्टोरिया सरोवराकाठी, हवा उबदार असते, तिथे त्या पडून राहतील.

कागदपत्रं आणि लशी

केनियाला जाण्यासाठी जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. ती प्रत्येकाची वेगळी, तान्ह्या बाळाचीही. फक्त सरकारी संकेतस्थळावरूनच अर्ज करा, कारण दिसायला तशीच आणि जास्त पैसे घेणारी संकेतस्थळं बरीच आहेत. सेवेसाठी जाताना कारण 'पर्यटन' असं लिहू नका. धार्मिक किंवा स्वयंसेवी कामासाठी वेगळा परवाना लागू शकतो, म्हणून बोलावणाऱ्या मंडळीला तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे आधी विचारायला सांगा आणि त्यांचं निमंत्रणपत्र जवळ ठेवा. आई-बाबांपैकी एकच सोबत जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र घ्या.

पिवळ्या तापाची लस ही सर्वांत महत्त्वाची. केनियातून परतताना भारतात तिचा दाखला मागतात. नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. लस केंद्र सरकारची मान्यता असलेल्या केंद्रांवरच मिळते, दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि आता तो आयुष्यभर चालतो. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती देत नाहीत. अंड्याची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. इतर काही लशींशी अंतर ठेवावं लागतं, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे निदान दोन महिने आधी जा आणि टायफॉइड, कावीळ अ यांबद्दलही त्याच वेळी विचारा. नैरोबी उंचावर असल्याने तिथे मलेरिया कमी, पण सरोवराकाठी आणि किनाऱ्यावर भरपूर. प्रतिबंधक गोळीचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो, तो डॉक्टरच ठरवतील.

बॅग भरताना

भेटी एकाच बॅगेत ठेवू नका. अर्ध्या एका बॅगेत, अर्ध्या दुसऱ्या बॅगेत, म्हणजे एक बॅग मागे राहिली तरी सगळं जात नाही. कात्री, सुया, विणायच्या सळ्या चेक-इन बॅगेत. पिशव्यांच्या घड्या जुन्या ओढणीत किंवा उशीच्या अभ्र्यात बांधा. 'माझं घर' पुस्तक मुलाने स्वतःच्या पाठीवरच्या दप्तरातच ठेवावं. भेटींची साधी यादी इंग्रजीत लिहून जवळ ठेवा: किती पिशव्या, घरी शिवलेल्या, विक्रीसाठी नाहीत. कस्टम्सवाल्यांनी विचारलं तर ती दाखवता येते.

रोज जेवताना थोडा सराव

शेवटच्या महिन्यात रोज एक शब्द पुरे. 'हुजांबो' म्हटलं की 'सिजांबो' म्हणायचं. 'आसांते साना' म्हणजे खूप आभार, 'कारिबू' म्हणजे या, 'राफिकी' म्हणजे मित्र. मराठी मुलाला काही शब्द तर फुकटात मिळतात: 'चपाती', 'चाय', 'साबुनी', 'रांगी', 'पेसा'. आणि बाबांना तिथेही 'बाबा'च म्हणतात.

वस्तू उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी द्यायची-घ्यायची, हे त्यांच्याकडेही आपल्यासारखंच आहे. जेवणाचाही सराव करा. 'उगाली' म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. तो हाताने मोडून, अंगठ्याने खळगा करून 'सुकुमा विकी' या पालेभाजीसोबत खातात. मक्याचं पीठ आपल्याकडे मिळतं, तेव्हा घरी एक-दोनदा करून बघा. पुढ्यात आलेलं निदान चाखायचं, 'शी' म्हणायचं नाही, हा नियम घरातच पाळून बघितलेला बरा. उकिडवं बसायचा शौचखड्डा, बादलीतलं पाणी, दिवे जाणं हेही आधीच सांगून ठेवा. गावाकडे राहिलेल्या मुलाला त्याचं काही वाटत नाही, शहरातल्या मुलाला वाटतं.

देण्याचा दिवस

पोचल्या पोचल्या भेटी काढू नका. मुलांची ओळख होऊ द्या, खेळ होऊ द्या. निघायच्या आदल्या दिवशी, शिक्षकांच्या हाती पिशव्या सोपवून त्यांनी सांगितलेल्या पद्धतीने द्या. शिक्षक म्हणाले 'आम्ही नंतर देऊ', तर तेही चालेल, आणि मुलाला त्याची आधीच कल्पना द्या.

आपल्या मुलाला मंचावर उभं करून भाषण करायला लावू नका. त्याने पुस्तक यजमान आजीच्या हातात द्यावं, पानं उलटून दाखवावीत. लाजलं, मागे लपलं, तरी ढकलू नका. तुम्ही शेजारी बसा आणि पहिलं पान तुम्ही उलटा.

भेट घेणाऱ्या मुलांचे फोटो काढू नका. खेळतानाचा, सोबत गोधडी शिवतानाचा फोटो हवा असेल तर शाळेची आणि त्या मुलाच्या घरच्यांची परवानगी घ्या आणि इंटरनेटवर टाकताना नाव, शाळा, गाव लिहू नका. आपल्या पोराचा फोटो एखाद्या अनोळखी पाहुण्याने असा टाकला असता तर आपल्याला काय वाटलं असतं, याचा विचार केला की पुढचं सांगावं लागत नाही.

आणि घ्यायलाही शिकवा. कोणी अंडी देईल, कोणी अॅव्होकाडो, कोणी आपल्या हातचं काही. 'नको नको, तुम्हालाच राहू द्या' असं कधीही म्हणू नका. दोन्ही हातांनी घ्या, 'आसांते साना' म्हणा आणि त्यांच्यासमोर चाखा. जे विमानात नेता येत नाही ते तिथेच, यजमानांसोबत खाऊन संपवा. प्रवाळ, शंख-शिंपले, जनावरांची कातडी-दात असलं काही कोणी दिलं तर मात्र कायद्याने नेता येत नाही असं समजावून सांगून तिथेच ठेवा.

परतल्यावर

आठवड्याच्या आत मुलाकडून पत्र लिहून घ्या, हाताने. त्यात निदान एक प्रश्न असावा, म्हणजे उत्तर येतं: 'चेंडूची दोरी सुटते, ती गाठ परत सांगशील का?' पत्राचा फोटो शिक्षकांना पाठवा आणि कागद टपालाने. मंडळीत अहवाल द्यायची वेळ आली तर मुलाला तिथे काय शिकलं ते दाखवू द्या. चेंडू बांधून दाखवला तर उत्तमच.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस परतल्यानंतरही चालू ठेवायच्या असतात, त्या मध्येच सोडू नका. आणि पुढच्या काही महिन्यांत मुलाला ताप आला, तर साध्या सर्दीचा वाटला तरी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही केनियाला जाऊन आलो आहोत, आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.